सही करताना डोळे कुठे होते?

‘कंपनीनं फसवलं’ हे वाक्य पॉलिसी वाचल्याशिवाय माझ्यासमोर पुन्हा उच्चारायचं नाही. क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र घेऊन तुम्ही येता, एजंटाला चार शिव्या घालता, कंपनीला चार घालता, आणि मी पॉलिसी मागितली की एकमेकांच्या तोंडाकडे बघता. एकाची बँकेत आहे. एकाची शोरूमवाल्याकडे आहे. एकाची मोबाईलवर आली होती, पण फोन बदलला. करार एकाच्याही हाताशी नाही, आणि करार मोडला म्हणून दाद मागायला मात्र सगळे पुढे.

तुम्ही शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं असता, तर मी एक अक्षर बोलले नसते. तुम्ही कॉमर्सची मुलं आहात. बारावीला वाणिज्य संघटनाच्या पुस्तकात विम्याची तत्त्वं होती: परम विश्वास, विमायोग्य हित, नुकसानभरपाई, निकटचं कारण. तुम्ही ती घोकलीत, रिकाम्या जागा भरल्यात, दीर्घोत्तरी उत्तरात ओळीनं लिहिलीत, मार्कही घेतलेत. आज तुमच्यातल्या कुणाचं कापड बाजारात दुकान आहे, कुणाचं सुप्याला वर्कशॉप, कुणाच्या दारात दोन ट्रॅक्टर. त्या तत्त्वांचं खरं काम आता सुरू झालंय, आणि आताच तुम्ही ती विसरलात. सातबाऱ्यावर एक गुंठा कमी दिसला तर तलाठ्याच्या दारात सकाळपासून ठाण मांडून बसता. वीस लाखांच्या मालाचा करार मात्र गाडीच्या बॉनेटवर ठेवून, न वाचता, एजंट बोट ठेवेल तिथं सही करून मोकळे होता. कोरा प्रपोजल फॉर्म! ‘बाकीचं मी भरतो’ असं तो म्हणाला आणि तुम्ही मान डोलावलीत. त्या फॉर्ममध्ये लिहिलेलं प्रत्येक वाक्य कायद्यानं तुमचं असतं. अक्षर एजंटाचं असलं तरी खालची सही तुमची आहे.

परवा एकानं अखेर पॉलिसी बँकेतून काढून आणली. आम्ही दोघांनी पहिलं पान बोट ठेवून वाचलं. विमाधारकाचं नाव बरोबर होतं. व्यवसायासमोर लिहिलं होतं ‘कापड किरकोळ विक्री’. हा माणूस गेली काही वर्षं फोमच्या गाद्या विकतो. कापडापेक्षा फोम किती लवकर पेटतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण कंपनीला कळवावं असं एकदाही वाटलं नाही. मालमत्तेच्या पत्त्यात फक्त दुकान होतं. केडगावला भाड्यानं घेतलेलं गोडाऊन, जिथं निम्म्याहून जास्त माल पडलेला असतो, त्याचा कागदावर पत्ताच नाही. आग त्या गोडाऊनला लागली. आता हा मला विचारतो, ‘बाई, हप्ता तर दरवर्षी खात्यातून कापला जात होता ना?’ कापला जात होता, दुकानासाठी. कंपनीनं त्या चार भिंतींची जोखीम घेतली होती आणि तेवढ्याचेच पैसे घेतले होते. न घेतलेल्या जोखमीचे पैसे ती कुठल्या हिशेबानं देणार?

याच पानावर विमा रक्कम होती दहा लाख. ती कुठून आली? बँकेनं कॅश क्रेडिट दहा लाखांचं दिलं म्हणून विमाही दहा लाखांचा काढला. बँकेनं स्वतःचं कर्ज सुरक्षित केलं. तुमचा माल सुरक्षित करणं हे तिचं काम नाही, ते तुमचं होतं. आता हे गणित वहीत लिहून घ्या, कारण बारावीला ते मी दोनदा सोडवून दाखवलं होतं. दुकानात माल वीस लाखांचा, विमा दहा लाखांचा. आगीत सहा लाखांचा माल जळाला. तुम्ही म्हणता, विमा दहाचा आहे आणि नुकसान सहाचं, मग सहा मिळायला हवेत. मिळणार तीन. अर्ध्या मालाचा विमा तुम्ही काढलाच नव्हता, त्यामुळे उरलेल्या अर्ध्याची विमा कंपनी तुम्ही स्वतःच, आणि जळालेल्या मालाचा अर्धा भार तुमच्यावर. याला सरासरीचं कलम म्हणतात. त्यात लबाडी काही नाही. सगळ्यांनी निम्म्या किमतीचा विमा काढून पूर्ण भरपाई न्यायची ठरवली, तर पूर्ण हप्ता भरणाऱ्या शेजाऱ्याचे पैसे तुम्हाला वाटावे लागतील. एप्रिल 2021 पासून लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची ठरावीक मसुद्याची पॉलिसी आली. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे, आणि पंधरा टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर तिच्यात कपात होत नाही. पंधरा टक्के. तुम्ही पन्नास टक्के कमी काढता आणि सवलतीची अपेक्षा धरता.

घराचं वेगळं आहे, आणि तिथं तर तुम्हाला तोंड उघडायला जागाच नाही. त्याच एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ मिळते. तिच्यात हे सरासरीचं कलम लागत नाही. घराचं चटई क्षेत्र आणि बांधकामाचा खर्च यांवरून विमा रक्कम ठरते, जागेची किंमत त्यात धरायची नसते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. सावेडीत लाखो रुपये घालून बंगला बांधलात, वास्तुशांतीला पाचशे पानं उठवलीत, आणि त्या बंगल्यावर एक रुपयाचा विमा नाही. विचारलं तर उत्तर येतं, ‘आपल्याकडे कुठं भूकंप होतो?’ शॉर्टसर्किट तर होतं ना?

चोरीच्या विम्याबद्दल बोलायचं तर नेवासा तालुक्यातल्या शनी शिंगणापूरचं नाव घ्यावंच लागतं. घरांना दारं-कुलपं नसण्याची तिथली परंपरा सगळ्या जगाला माहीत आहे. 2011 साली युको बँकेनं तिथं कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. गावाच्या श्रद्धेबद्दल माझी काही तक्रार नाही, मी स्वतः तिथं हात जोडते. पण श्रद्धा गावाची आहे आणि पॉलिसीतल्या व्याख्या कंपनीच्या आहेत. घरफोडीच्या पॉलिसीत बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की चोर बळजबरीनं, तोडफोड करून आत शिरलेला किंवा बाहेर पडलेला असला पाहिजे. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच सांगितलं. करारात बळाचा वापर ही अट असेल, तर नुसती वस्तू गेली एवढं पुरेसं नाही, आणि कोर्ट कराराचे शब्द बदलून देणार नाही. कडी-कोयंडा तुटलेला नाही, कुलूप शाबूत आहे, शटर रात्रभर अर्धं उघडं राहिलं, दुकानातल्याच पोऱ्यानं गल्ल्यातून पैसे उचलले, हे सगळं चोरी आहे, पण त्या पॉलिसीतली घरफोडी नाही. साध्या चोरीचं आणि नोकराच्या अफरातफरीचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. तुम्ही मागितलं होतंत? तशी पॉलिसी मिळते हे तरी माहीत होतं?

आता ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्ही पुढच्या बाकावर या. माझा सगळ्यात जास्त राग तुमच्यावर आहे, आणि तो पैशांमुळे नाही.

सहकारी साखर कारखानदारीची महाराष्ट्रात जिथून सुरुवात झाली ते प्रवरानगर आपल्याच जिल्ह्यात. हंगाम सुरू झाला की राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर, कुठल्याही रस्त्यावर संध्याकाळी बघा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर बांधाबाहेर गेलेला ऊस, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, आणि उसाच्या मोळ्यांवर पाथर्डीकडून आलेली तोडणीवाली माणसं, बायका, कधी मांडीवर लेकरू. हे चित्र तुम्हाला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही वावगं दिसेनासं झालंय. तुमची पॉलिसी काय म्हणते? ट्रॅक्टर शेतीच्या कामासाठी. बसायची जागा एक, चालकाची. ट्रॉली हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, तिचा विमा वेगळा हवा, तो बहुतेकांनी काढलेलाच नाही. आणि भाडं घेऊन दुसऱ्याचा ऊस, वीट, मुरूम वाहणं ‘शेतीचं काम’ या व्याख्येत बसतं का, यावर कंपनी कोर्टात भांडणारच.

उद्या ट्रॉली उलटली आणि वरचं माणूस गेलं, तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणासमोर उभा राहील. कंपनी म्हणेल, मालवाहू वाहनावर फुकट बसलेल्या माणसाची जोखीम आम्ही घेतलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 2003 पासून हे म्हणणं मान्य केलेलं आहे. काही प्रकरणांत कोर्ट कंपनीला सांगतं, आधी मृताच्या घरच्यांना पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे तुम्ही. वसुली येणार ती तुमच्या जमिनीवर. आणि जिथं कोर्ट तेवढंही सांगत नाही, तिथं ती तोडणीवाली बाई नवऱ्याच्या मरणाच्या भरपाईसाठी तुमच्या दारात वर्षानुवर्षं खेटे घालणार. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल यांची कायदेशीर जबाबदारी माणशी थोडासा जादा हप्ता भरून पॉलिसीत घेता येते. ज्यांच्यासाठी ती घेता येते त्यांचीही तुम्ही घेत नाही, आणि ज्यांना बसवायला परवानगीच नाही त्यांना वर बसवता. टायरला हजारो रुपये घालता, हॉर्नला घालता, मागच्या फाळक्यावर मुलाचं नाव रंगवायला घालता. थर्ड पार्टीचा विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे, नाही तर पहिल्यांदा दोन हजार आणि दुसऱ्यांदा चार हजार दंड, कैदही होऊ शकते. तुम्ही तो काढता फक्त चौकात पोलिसाला दाखवण्यापुरता. तो विमा रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे, हे तुम्हाला मी शिकवलं नव्हतं का? त्याच्या हातापायांची, त्याच्या लेकराबाळांची किंमत द्यायची तुमची ऐपत नाही, म्हणून कायद्यानं ती सोय करून ठेवली. तिच्याशी असं खेळू नका.

मोटारवाल्यांचं एक लाडकं वाक्य: ‘मॅडम, गाडीला फुल इन्शुरन्स आहे.’ अशी पॉलिसी कुठलीच कंपनी विकत नाही. थर्ड पार्टी हा एक भाग, आपल्या गाडीचं नुकसान हा दुसरा, आणि दुसऱ्याला मर्यादाच मर्यादा आहेत. गाडीची विमा रक्कम दरवर्षी उतरते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला वीस टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून त्याची निम्मीच किंमत मिळणार, काच मात्र पूर्ण. झिरो डेप घेतलं असेल तर ही कपात टळते, पण सक्तीची वजावट तरीही राहते, दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला एक हजार रुपये. विमा तुम्हाला नुकसानाआधी जिथं होतात तिथं आणून उभं करतो, त्याच्या पुढं नेत नाही. जुन्या गाडीच्या जागी नवी मिळाली पाहिजे ही अपेक्षा भरपाईची नाही, नफ्याची आहे. ‘पाच वर्षं हप्ता भरला, एकदाही क्लेम लागला नाही, पैसे वाया गेले’ असं म्हणणारा तर माझा विद्यार्थीच नव्हे. घर जळलं नाही याचं दुःख करता?

सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. गाडी तुमच्या दारात, पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर, आणि महिनोन् महिने तुम्ही ती चालवताय. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्यानं तुमच्याकडे येतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं लागतं. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो. दुसऱ्याचा बोनस आपल्या फॉर्मवर दाखवून हप्त्यात हजार-दोन हजार वाचवलेत, तर ते खोटं निवेदन आहे, आणि लाखाचा क्लेम आला की तेच आधी बाहेर काढलं जाईल.

रस्त्यावर ‘आपसात मिटवून’ टाकणं ही तुमची आणखी एक खोड. ट्रकनं दुकानाचं शटर आणि ओटा उडवला. ड्रायव्हरनं वीस हजार काढून दिले, तुम्ही कागदावर लिहून दिलंत की आमची काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले ऐंशी हजार मागायला विमा कंपनीकडे. तुम्हाला भरपाई दिल्यावर ट्रकमालकाकडून ती वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. तो हक्क तुम्ही आदल्या संध्याकाळी वीस हजारांना विकून टाकलात. कंपनीला कळवल्याशिवाय असा कागद कधीही लिहून द्यायचा नाही.

एक रुपयाच्या पीक विम्यानं तर तुमची सवय पारच बिघडवली. 2023 च्या खरिपापासून दोन वर्षं उरलेला हप्ता सरकारनं भरला, आणि तुम्ही समजून बसलात की विमा म्हणजे अनुदान, खात्यात आपोआप पडणारं. आता खरिपाला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड टक्क्यापर्यंत हिस्सा भरायचाय, तर कुरकुर सुरू. चाळीतला कांदा सडला म्हणून आगीच्या पॉलिसीवर क्लेम करायला निघालेला शेतकरीही मी पाहिलाय. माल स्वतःच्या गुणधर्मानं नासला, तर ती आग नाही, वीज नाही, पूर नाही. कारण कोणतं आणि ते करारातल्या यादीत आहे का, एवढंच बघितलं जातं.

आता दुसरी बाजू ऐका, कारण त्यातही दोष तुमचाच आहे. कंपनी प्रत्येक वेळी बरोबर असते असं मी म्हणत नाही. पुष्कळदा ती चूक असते. पण न वाचणाऱ्या माणसाला ती कुठं चुकली हे दाखवता येत नाही, म्हणून तो आरडाओरडा करतो आणि घरी जातो. गाडी चोरीला गेली, फिर्याद त्याच दिवशी दिली, फक्त कंपनीला कळवायला उशीर झाला, एवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलंय. अटीचा भंग मुळावर येणारा नसेल, तर ठरावीक कपात करून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी, असे निकाल 2010 पासून आहेत. सर्व्हेअर कंपनी नेमते, पण तो परवानाधारक असतो. त्याचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हेही कोर्टानं 2009 साली सांगून झालंय. त्याच्या अहवालाची प्रत मागा. 2024 च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानं सर्व्हेअर नेमायला चोवीस तास, अहवालाला पंधरा दिवस आणि त्यानंतर निर्णयाला सात दिवस ठरवून दिलेत. तुम्ही सहा महिने ‘साहेब, काय झालं’ असं फोनवर विचारत राहता. लेखी एक ओळ नाही. कमी रकमेचा चेक आला की ‘पूर्ण व अंतिम’ छापलेल्या कागदावर सही करून मोकळे होता, आणि मग मला दाखवता. पटलं नसेल तर त्याच कागदावर ‘हरकत राखून’ असं लिहून सही करायची, आणि त्याच दिवशी हरकतीचं पत्र पाठवायचं.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आधी लेखी तक्रार करा, पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या जिल्ह्यासाठी कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. पन्नास लाखांपर्यंतचा दावा तिथं ऐकला जातो, आणि छोट्या दुकानदारालाही ते दार उघडं आहे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तुम्हाला पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पण तिथली दोन वर्षांची मुदतही उलटत असते. लोकपालाची मुदत नकारापासून एक वर्षाची. या महिन्यात माझ्याकडे आलेल्यांपैकी एकाचं नकारपत्र दीड वर्षापूर्वीचं होतं, घडी घालून देवघरातल्या डब्यात ठेवलेलं. उघडून पुन्हा वाचलंही नव्हतं. त्याचं म्हणणं बहुधा खरं होतं, कंपनी तिथं चुकलेली दिसत होती. लोकपालाची मुदत हातची गेली होती, आयोगाचे जेमतेम सहा महिने उरले होते. त्याला मी दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहायला बसवलं. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अशी पत्रं आहेत, त्यांनी ती उद्या सकाळी माझ्याकडे आणायची. पत्र आणि पॉलिसी, दोन्ही. पॉलिसी बँकेत असेल तर बँक उघडते साडेदहाला. आधी तिथं जायचं, प्रत घ्यायची, पहिलं पान स्वतः वाचायचं आणि मग माझ्या दाराची कडी वाजवायची.